मुलांचा खाऊ व मुका सोबती

(प्राथमिक शिक्षकांपुढे करावयाच्या भाषणाचा मजकूर)



संत नामदेवांच्या चरित्रातील एक आख्यायिका महाराष्ट्रातील लहानथोरांस ठाऊक आहे. नामदेव भोजनास बसण्याच्या तयारीत असता एका कुत्र्याने त्यांची पोळी तोंडात धरून पळ काढला. नामदेव त्याच्यामागे धावले. परंतु त्यांच्या हातात काठी नव्हती, तुपाची वाटी होती. कोरडी पोळी त्या मुक्या जीवाच्या घशाखाली कशी उतरेल, या चिंतेने ते धावत होते. भूतदयेचा पाठ म्हणून ही कथा वर्गावर्गांतून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तीत आणखी एक मर्म आहे. ‘याने माझे काय नेले?’ हा प्रश्न नामदेवांच्या मनात आला नाही. ‘याने जे खाल्ले, त्याने याचे काय होईल?’ हा प्रश्न प्रथम आला. आजच्या विषयाचे सारे सार या दुसऱ्या प्रश्नात साठविलेले आहे.

विषय वरकरणी लहान आहे. कुत्र्याने चॉकलेट खाल्ले तर काय करावे, एवढाच तो प्रश्न. प्राथमिक शिक्षकाने त्यासाठी वेळ का खर्चावा, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नात एका जीवाचा प्रश्न आहे, आणि त्याहूनही मोठा असा मुलाच्या खरे बोलण्याचा प्रश्न आहे. म्हणूनच तो पशुवैद्याइतकाच शिक्षकाचाही आहे.

नवा खाऊ, जुना सोबती

गोंदिया जिल्हा धानाचा, तलावांचा व जंगलाचा जिल्हा होय. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील कित्येक वस्त्या रानास लागून आहेत. तेथे कुत्रा हा हौसेचा प्राणी नाही. बांधीत रानडुकरे उतरली तर प्रथम तोच भुंकतो. गुराख्याबरोबर रानात तोच जातो. रात्री अंगणात तोच जागतो. आणि सकाळी मुले शाळेस निघाली म्हणजे त्यांच्या मागोमाग शाळेच्या फाटकापर्यंत तोच येतो. घरातील लहान मुलाचा तर तो पहिला मित्र. जे मुलाच्या हातात, त्यातील वाटा कुत्र्याच्या तोंडात, हा या मैत्रीचा अलिखित करार असतो.

एके काळी या करारात धोका नव्हता. मुलांचा खाऊ म्हणजे मुरमुरे, गूळफुटाणे, बोरे किंवा तेंदूची पिकलेली फळे. त्यातील तुकडा कुत्र्यास मिळाला तरी बहुधा काही बिघडत नसे. आता खाऊ पालटला आहे. वाढदिवसाच्या दिवशी वर्गात चॉकलेटे वाटण्याची रीत खेड्यांतूनही रुजली आहे. स्वातंत्र्यदिनी व प्रजासत्ताकदिनी झेंडावंदनानंतर मुलांच्या हातांत गोळ्या-चॉकलेटे पडतात. नागपुरास किंवा रायपुरास नोकरी करणारे मामा-काका सणाला येताना चॉकलेटची मोठी वडी घेऊन येतात. खाऊ बदलला, कुत्र्याशी वाटून खाण्याची रीत मात्र तीच राहिली.

येथे आणखी एक अडचण आहे. धोतऱ्याचे बी विषारी असते, हे खेड्यातील म्हातारी आजी पोरांस सांगू शकते. कारण धोतरा तिच्या कुंपणाशी पिढ्यान्‌पिढ्या उगवत आला आहे. कोकोचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील उष्ण व दमट अरण्यातले. भारतात त्याची लागवड मुख्यत्वे केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडू या राज्यांत होते. गोंदियाच्या रानात ते कधी नव्हते. यास्तव त्याच्या गुणदोषांचे ज्ञान आजीच्या बटव्यात असणे शक्यच नाही. जे ज्ञान घरात परंपरेने येत नाही, ते शाळेने घरात पोहोचवावयाचे असते.

एक कल्पित प्रसंग

समजा, चौथीतील एका मुलास मामाने गडद चॉकलेटची शंभर ग्रॅमची वडी दिली. ती त्यास कडवट लागली. दोन तुकडे खाऊन उरलेली सारी वडी त्याने प्रेमाने घरच्या कुत्र्यास घातली. सायंकाळी कुत्रा ओकू लागला. एका जागी बसेना, धापा टाकू लागला. घरातील मोठ्यांस वाटले, कोणी तरी त्यास विष घातले. शेजाऱ्याशी बांधाचा वाद होताच. संशय तिकडे गेला. आवाज चढले. कोणी मिठाचे पाणी आणले, कोणी दूध. पशुवैद्यास दूरध्वनी झाला तेव्हा ‘काय खाल्ले?’ या पहिल्याच प्रश्नास कोणापाशी उत्तर नव्हते.

उत्तर घरात होते. ते एका मुलापाशी होते, आणि तो मूल मार बसेल या भयाने गोधडीत तोंड लपवून जागा होता.

हा प्रसंग कल्पित आहे. परंतु मुलांचे मन जाणणाऱ्या कोणाही शिक्षकास तो अशक्य वाटणार नाही. त्या सायंकाळी उणीव होती ती दयेची नव्हे आणि औषधाचीही नव्हे. उणीव होती ती एका खऱ्या वाक्याची.

चॉकलेटमध्ये असते तरी काय

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये कोकोच्या झाडास ‘थिओब्रोमा’ हे नाव दिले. ‘देवांचे अन्न’ असा त्याचा अर्थ. पुढे १८४१ मध्ये कोकोच्या बियांत एक कडू द्रव्य सापडले. त्यास ‘थिओब्रोमिन’ असे म्हणतात. ते चहा-कॉफीतील कॅफीनचे जवळचे भावंड होय. कोकोत थोडे कॅफीनही असते. देवांच्या अन्नातील हेच द्रव्य कुत्र्याच्या जिवावर उठते.

मग ते मुलास का बाधत नाही? विषाचा निवाडा केवळ पदार्थावरून होत नाही. शरीर तो पदार्थ किती लवकर बाहेर टाकते यावरूनही होतो. मनुष्याच्या शरीरातील निम्मे थिओब्रोमिन साधारणतः सहा ते दहा तासांत नाहीसे होते. कुत्र्याच्या शरीरास त्याच कामी सुमारे साडेसतरा तास लागतात. म्हणजे आज सायंकाळी जे अंगात भिनले, त्याचा अर्धा भाग उद्या दुपारपर्यंत व चौथा हिस्सा परवा पहाटेपर्यंत अंगातच राहतो. तेवढा वेळ ते हृदयास धावावयास लावते, मेंदूस उत्तेजित करते व स्नायूंना थरथरवीत राहते.

मांजराच्या शरीरासही हे द्रव्य घातक आहे. परंतु मांजरास गोड चवच कळत नाही; म्हणून ते चॉकलेटच्या वाटेस सहसा जात नाही. कुत्र्यास गोड कळते, आवडते, आणि त्याचे नाक तर दप्तरात गुंडाळून ठेवलेली वडीही शोधून काढते.

किती खाल्ले म्हणजे धोका

प्रत्येक चॉकलेट सारखे नसते. थिओब्रोमिनचे प्रमाण कोकोच्या प्रमाणावर अवलंबून असते. एका ग्रॅमात ते साधारणतः पुढीलप्रमाणे आढळते :

शुद्ध कोको पूड : सुमारे २५ मिलिग्रॅम
केकसाठीचे बिनसाखरेचे चॉकलेट : सुमारे १५ मिलिग्रॅम
गडद चॉकलेट : सुमारे ५ मिलिग्रॅम, कोको अधिक असल्यास याहूनही जास्त
दुधाचे चॉकलेट : सुमारे २ मिलिग्रॅम
पांढरे चॉकलेट : जवळजवळ नाही

कुत्र्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेले की ओकारी, जुलाब, अस्वस्थता अशी सौम्य लक्षणे दिसू लागतात. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडू लागतात. ६० मिलिग्रॅम व त्यापुढे झटके येण्याचा संभव असतो, आणि त्याहून अधिक मात्रेत प्राण जाऊ शकतो.

येथे गणिताचा एक सुरेख पाठ तयार होतो. कुत्र्याचे वजन कसे करावे? शाळेत आरोग्य तपासणीच्या वेळी वापरावयाचा वजनकाटा असतो. घरच्या मोठ्या माणसाने कुत्र्यास कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे. मग एकट्याने उभे राहावे. दोहोंची वजाबाकी करावी. ६६ वजा ५४, म्हणजे १२ किलोग्रॅम. आता १२ गुणिले २०, म्हणजे २४० मिलिग्रॅम. एवढे थिओब्रोमिन दुधाच्या चॉकलेटच्या १२० ग्रॅमांत असते, गडद चॉकलेटच्या ४८ ग्रॅमांत असते, आणि कोको पुडीच्या जेमतेम १० ग्रॅमांत असते. तीन किलोच्या पिलासाठी हेच गणित मांडले, तर दुधाचे चॉकलेट ३० ग्रॅम, गडद १२ ग्रॅम आणि कोको पूड सुमारे एक चहाचा चमचा, एवढेच पुरते.

वरील प्रसंगातील मुलाने बारा किलोच्या कुत्र्यास ८० ग्रॅम गडद चॉकलेट घातले असेल, तर ४०० मिलिग्रॅम पोटात गेले. म्हणजे दर किलोमागे सुमारे ३३ मिलिग्रॅम. पशुवैद्यास तत्काळ कळवावयास हवे असाच हा आकडा आहे.

याच गणिताची दुसरी बाजूही मुलांस दाखवावी. पाच ग्रॅमची दुधाच्या चॉकलेटची एखादी लहान गोळी याच कुत्र्याने खाल्ली, तर दर किलोमागे एक मिलिग्रॅमही भरत नाही. अशा वेळी घर डोक्यावर घेण्याचे कारण नाही. साखरेच्या पुष्कळ साध्या गोळ्यांत तर कोको मुळीच नसतो. भयाचे माप ज्ञानाने ठरवावे, हाच या पाठाचा हेतू. तथापि हे आकडे ढोबळ आहेत. पिलू, म्हातारा किंवा हृदयाचा विकार असलेला कुत्रा कमी मात्रेनेही संकटात येऊ शकतो. म्हणून गणित करावे ते पशुवैद्यास माहिती देण्यासाठी. त्यास कळविण्याचे टाळण्यासाठी नव्हे.

लक्षणे

लक्षणे लगेच दिसत नाहीत, हीच यातील फसगत आहे. बहुधा ती सहा ते बारा तासांनी स्पष्ट होतात. प्रथम तहान वाढते, ओकारी व जुलाब होतात, पोट फुगते, कुत्रा एका ठिकाणी ठरत नाही. मग वारंवार लघवी, धाप, थरथर, अडखळती चाल. पुढे नाडी फार जलद चालते, अंग तापते, झटके येतात. तीव्र विषबाधेत ही अवस्था तीन दिवसांपर्यंत राहू शकते. ‘दोन तास झाले, काही झाले नाही, म्हणजे बाधले नाही,’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घातक होय. उलट हे पहिले दोन तासच अत्यंत मोलाचे असतात. कारण विष अद्याप पोटात असते व पशुवैद्य ते ओकवून बाहेर काढू शकतो.

काय करावे

१. उरलेले चॉकलेट व कागद कुत्र्यापासून दूर करावेत. घरात दुसरी कुत्री असल्यास त्यांनीही खाल्ले काय, ते पाहावे.

२. वेष्टन फेकून देऊ नये. त्यावर वजन व बहुधा कोकोचे प्रमाण छापलेले असते. तेच पशुवैद्याचे पहिले साधन.

३. पाच गोष्टी कागदावर लिहाव्यात : काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले, कुत्र्याचे वजन किती, आता काय लक्षणे आहेत.

४. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे. पशुवैद्यकीय साहाय्यासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे. लक्षणांची वाट पाहू नये. प्रसंग कठीण असल्यास नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गोंदियाहून लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटरवर आहे. तथापि तेथे जाण्यापूर्वी स्थानिक पशुवैद्याचा सल्ला घ्यावा, कारण पहिला उपचार जवळच व्हावयास हवा.

५. कुत्र्यास शांत, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे. भोवती गर्दी व कल्लोळ होऊ देऊ नये. त्याच्या पुढे स्वच्छ पाणी ठेवावे. पिणे त्याच्या इच्छेवर सोडावे.

६. त्यास लघवीसाठी वरचेवर बाहेर न्यावे. मूत्राशयात साचलेल्या लघवीतून हे विष पुन्हा रक्तात शोषले जाते; म्हणून ही साधी गोष्टही उपचाराचाच भाग आहे.

७. तो निजला असता श्वास मोजावेत. पंधरा सेकंदांतील श्वासांस चारने गुणावे. निरोगी कुत्रा विश्रांतीत मिनिटास साधारणतः दहा ते तीस श्वास घेतो. आकडा वेळेसह लिहून ठेवावा.

या विषावर नेमका उतारा असा नाही. पशुवैद्य औषधाने ओकारी करवितो, औषधी कोळशाची पूड देतो, शिरेतून सलाइन चढवितो, हृदयाचे ठोके व झटके यांवर औषधे देतो. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. म्हणजेच उतारा बाटलीत नाही; तो वेळेत आहे.

काय करू नये

घरगुती उपायांचा मोह येथे आवरावयास हवा. मिठाचे पाणी पाजून ओकारी करविण्याची कल्पना पुष्कळांस सुचते. परंतु त्या मिठाचीच कुत्र्यास विषबाधा होते. चिंचेचा कोळही पाजू नये. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असते, आणि ते कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक असल्याचे पशुवैद्यकात अलीकडे दिसून आले आहे. दूध, तूप किंवा तेल यांनी विष मरत नाही. बळाने घशात ओतलेला पदार्थ श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसास अपाय होतो. चुलीतील कोळसा कुटून देऊ नये. औषधी कोळसा निराळा असतो. माणसांची औषधे तर मुळीच देऊ नयेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुत्र्याच्या घशात बोटे घालू नयेत. घाबरलेला अथवा झटके येत असलेला कुत्रा धन्यासही चावतो. ही सूचना मुलांकडून पाठ करवून घ्यावी : कुत्रा आजारी दिसला तर मुलाने त्यास स्पर्श न करता मोठ्या माणसास हाक मारावी. तरीही कोणास दात लागला किंवा ओरखडा आला, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या प्रतिबंधक लसीची चौकशी करावी. जखमेस हळद, चुना, तिखट लावीत बसू नये. रेबीजची लक्षणे उमटल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही; परंतु वेळेवर धुतलेली जखम व वेळेवर टोचलेली लस यांनी तो रोखता येतो. थरथरणारा, लाळ गाळणारा प्रत्येक कुत्रा चॉकलेटनेच आजारी असतो असे नव्हे, हेही ध्यानी ठेवावे.

याच पंक्तीतील इतर पदार्थ

चॉकलेटच्या जोडीला आणखी काही पदार्थ मुलांस सांगावेत. मनुका व द्राक्षे यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडास इजा होते. मनुका घातलेले चॉकलेट म्हणूनच दुहेरी वाईट. कांदा व लसूण, मग ते कच्चे असोत वा भाजीत शिजलेले, रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. तेव्हा भाजी-खिचडीचे उष्टे कुत्र्यास नित्य घालणे बरे नव्हे. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या च्युइंगमने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते. कॉफीची पूडही थिओब्रोमिनच्याच कुळातली.

धानाच्या मुलखात आणखी एका विषाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. कोठीपाशी व बांध्यांवर उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड हे विष पिठात कालवून ठेवतात. कुत्र्याने ते खाल्ले, तर पोटातील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. अशा कुत्र्याच्या ओकारीतूनही तो वायू निघतो व जवळच्या माणसास बाधतो. म्हणून त्यास मोकळ्या हवेत ठेवावे, ओकारीवर वाकून हुंगू नये, खाण्यास काही घालू नये आणि पशुवैद्यास विषाच्या पुडीवरील नाव वाचून दाखवावे. चॉकलेट की उंदरांचे औषध, हे बाहेरून ओळखणे सोपे नाही. आणि उपचार तर भिन्न आहेत. ‘काय खाल्ले?’ या प्रश्नाचे खरे उत्तर किती मोलाचे, ते यावरून ध्यानात येईल.

हा विचार गावाच्या वेशीपुरताही मर्यादित नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर या राज्यात २०१४ साली शिकाऱ्यांनी आमिष म्हणून ठेवलेले चॉकलेट खाऊन चार काळी अस्वले मरण पावली. नागझिरा व नवेगाव ही अरण्ये या जिल्ह्याची शोभा आहेत. तेथे अस्वले आहेत, रानकुत्री आहेत. शाळेची सहल त्या बाजूस गेली, तर खाऊचा एकही तुकडा वा कागद मागे राहणार नाही, ही दक्षता शिक्षकाने घ्यावयास हवी.

शिक्षकाचे काम

या साऱ्या माहितीसाठी निराळा तास नको. वजाबाकी, गुणाकार व मिलिग्रॅम-ग्रॅम यांची उदाहरणे गणितात येतातच. त्यांत कुत्र्याचे वजन व चॉकलेटची वडी आणावी. परिसर अभ्यासात पाळीव प्राणी शिकविताना ‘माणसाचे अन्न ते साऱ्यांचे अन्न नव्हे’ हे सांगावे. भाषेच्या तासास दोन मुले उभी करावीत. एकाने पशुवैद्य व्हावे, दुसऱ्याने दूरध्वनीवरून पाच गोष्टी क्रमाने सांगाव्यात. गोंधळलेल्या मनाने थोडक्यात व स्पष्ट बोलणे ही मोठी कला आहे, आणि ती चौथीतील मूलही शिकू शकते. वर्गात चॉकलेटे वाटली जातील त्या दिवशी, वाटप होण्यापूर्वी, एकच वाक्य सांगावे : ‘हा खाऊ तुमचा, मोत्यासाठी घरची भाकरी.’ प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे संविधानातील मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. ते पाठ म्हणवून घेण्यापेक्षा या एका वाक्याने अधिक चांगले शिकविले जाईल.

परंतु शिक्षकाचे खरे काम याहून खोल आहे. गोधडीत तोंड लपविलेल्या त्या मुलाकडे पुन्हा वळावयास हवे. त्याने कुत्र्याचे वाईट चिंतिले नव्हते. स्वतःस आवडली नाही तरी ती वस्तू मोलाची आहे, मामाने दिलेली आहे, हे जाणून त्याने ती आपल्या मित्रास दिली. कृत्य अज्ञानाचे होते. मन निर्मळ होते. तरीही तो बोलला नाही. कारण यापूर्वी केव्हा तरी खरे बोलल्याबद्दल त्यास मार बसला असावा. पाटी फुटली, शाई सांडली, फळ्यावर कोणी काही लिहिले, अशा वेळी ‘कोणी केले?’ असे दरडावून विचारले जाते, पुढे आलेल्या हातावर छडी बसते, आणि साऱ्या वर्गास एक धडा मिळतो : गप्प राहणारा सुटतो. हा धडा पुस्तकात छापलेला नाही, तरी तो सर्वांत पक्का बसतो.

मुलांस शारीरिक शिक्षा करण्यास कायद्याने बंदी आहे. परंतु भय केवळ छडीत नसते. ते आवाजात असते, डोळ्यांत असते. म्हणून प्रश्नाचा क्रम बदलावा. ‘कोणी केले?’ हे प्रथम विचारू नये. ‘काय झाले, केव्हा झाले, आता काय करता येईल?’ हे प्रथम विचारावे. जे मूल पुढे येऊन खरे सांगेल, त्यास त्या क्षणी एकही कठोर शब्द बोलू नये; उलट ‘सांगितलेस, बरे केलेस’ असे सर्वांदेखत म्हणावे. समज द्यावयाची ती दुसऱ्या दिवशी, संकट टळल्यावर, शांतपणे द्यावी. पालकसभेतही हाच क्रम पालकांस सांगावा. कारण अशी वेळ बहुधा घरीच येते आणि शिक्षक तेथे नसतो.

असे वळण लागलेल्या वर्गातील मूल त्या सायंकाळी काय करील? पहिल्या ओकारीसच ते आईपाशी जाऊन सांगेल, ‘आई, मी त्याला मामाचे चॉकलेट दिले. हा त्याचा कागद.’ शेजाऱ्यावरील संशय तेथेच मिटेल. पशुवैद्यास पाच उत्तरे मिळतील. मिठाचे पाणी चुलीशीच राहील. आणि दोन-तीन दिवसांनी शाळेच्या फाटकापर्यंत मुलांच्या मागोमाग कोणी तरी शेपटी हलवीत येईल.

उद्या हेच मूल मोठे होईल. विहिरीत काही पडले, भावाने काही गिळले, शेतात फवारणी करताना कोणास भोवळ आली, अशा प्रसंगी घरातील पहिले खरे वाक्य तेच बोलेल. कुत्र्याच्या निमित्ताने शिकलेले सत्य माणसांच्याही उपयोगी पडते.

नामदेवांनी तुपाची वाटी घेतली, ती त्या काळच्या समजुतीप्रमाणे. आज कोणी कुत्र्यामागे धावेल, तर त्याच्या हातात चॉकलेटचे वेष्टन असावे आणि तोंडात खरे वाक्य असावे. साधन पालटले, परंतु प्रथम विचारावयाचा प्रश्न तोच आहे : याने जे खाल्ले, त्याने याचे काय होईल? हा प्रश्न विचारणारी मुले ज्या शाळेत घडतील, तेथे भूतदयेचा पाठ निराळा शिकवावा लागणार नाही.